मळवलीच्या दगडावरचे देव

मुंबईहून पुण्याकडे येणारी गाडी खंडाळ्याचा घाट चढून लोणावळ्याला दम घेते आणि पुढे निघाली की पहिले छोटे स्टेशन लागते ते मळवली. पावसाळ्यात इथे उतरणाऱ्यांची गर्दी असते. कुणी लोहगड-विसापूरकडे वळते, कुणी भाज्याच्या लेण्यांकडे, तर कुणी पलीकडच्या डोंगरावर कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला. या गर्दीतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल की, याच मळवलीतून एके काळी लक्ष्मी, सरस्वती, राम, कृष्ण आणि शंकर रंगीत कागदांवर छापून देशभर रवाना होत असत. आपल्या आजी-पणजीच्या देवघरात काचेच्या चौकटीत बसलेली, कमळावर उभी असलेली लक्ष्मी आठवून पाहा. ती या मावळ मुलखातून आलेली असण्याची शक्यता बरीच आहे.

हा छापखाना राजा रविवर्मा यांचा. केरळच्या एका जमीनदार घराण्यातला चित्रकार थेट मावळात येऊन छापखाना कशासाठी थाटतो, तो थाटताना कर्जबाजारी का होतो आणि त्याच्या माघारी त्याची चित्रे व त्यांच्या मागोमाग निघालेली चित्रे राजकारणाच्या आखाड्यात कशी उतरतात, याची ही हकीकत आहे. स्वतः रविवर्मांनी राजकीय चित्र म्हणून काही काढले नाही. ते संस्थानिकांचे स्नेही होते आणि इंग्रज सरकारने दिलेले कैसर-इ-हिंद पदकही त्यांनी स्वीकारले होते. तरीही आपल्याकडच्या राजकीय चित्रांचा इतिहास त्यांना वगळून लिहिता येत नाही.

किलिमानूर ते बडोदे

रविवर्मांचा जन्म 29 एप्रिल 1848 रोजी त्रावणकोर संस्थानातल्या किलिमानूर इथला. घराणे संस्थानच्या राजघराण्याशी सोयरिकीने बांधलेले, त्यामुळे घरात संस्कृत, संगीत आणि कथकळीचा वावर होता. मामा राजराज वर्मा स्वतः चित्र काढीत. भाच्याने कोळशाने भिंती रंगवायला सुरुवात केली तेव्हा घरच्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, पण मामांनी मुलाच्या हाताची ओळख पटवून घेतली आणि त्याला आपल्या हाताखाली घेतले. पुढे हेच मामा त्याला तिरुवनंतपुरमला महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्याकडे घेऊन गेले.

राजवाड्यात राहायला मिळाले, युरोपीय चित्रांची पुस्तके चाळायला मिळाली. पण तैलरंग कसे वापरायचे हे शिकवायला कुणी तयार नव्हते. हे तंत्र तेव्हा आपल्याकडे नवे होते आणि ज्यांना येत होते ते ते जपून ठेवीत. 1868 मध्ये थिओडोर जेन्सन नावाचा युरोपीय चित्रकार दरबारात आला. तोही शिकवायला राजी नव्हता. तो काम करीत असताना बघत बसण्याची परवानगी मात्र मिळाली. रविवर्मांनी त्या बघण्यावरच आपले शिक्षण पुरे केले. एकलव्याची गोष्ट आपण मुलांना सांगतो. इथे गुरूने अंगठा मागितला नाही एवढाच काय तो फरक.

1873 साली मद्रासच्या प्रदर्शनात केसांत गजरा माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला सुवर्णपदक मिळाले. तेच चित्र त्या वर्षी व्हिएन्नाच्या प्रदर्शनात गेले आणि तिथेही गौरवले गेले. वीस वर्षांनी, 1893 मध्ये, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची दहा चित्रे मांडली गेली. स्वामी विवेकानंद ज्या निमित्ताने शिकागोला गेले ते हेच प्रदर्शन. हिंदुस्थानातला एक चित्रकार हिंदुस्थानी स्त्रिया रंगवतो आणि परदेशात पदके मिळवतो, ही बातमीच त्या काळात लोकांची मान उंचावणारी होती.

रविवर्मांच्या आयुष्यात आपल्या मराठी मंडळींचा शिरकाव झाला तो सर टी. माधवराव यांच्यामुळे. हे तंजावरकडचे मराठी गृहस्थ. आधी त्रावणकोरचे दिवाण, मग इंदूरचे आणि 1875 पासून बडोद्याचे. बडोद्याला गादीवर आलेल्या सयाजीराव महाराजांचे शिक्षण त्यांच्याच देखरेखीखाली झाले. त्रावणकोरात पाहिलेल्या या चित्रकाराची त्यांनी बडोद्याला शिफारस केली आणि 1881-82 च्या सुमारास रविवर्मा धाकटे बंधू सी. राजा वर्मा यांच्यासह बडोद्यात दाखल झाले. हे धाकटे बंधू म्हणजे रविवर्मांचा उजवा हात. निसर्गदृश्ये उत्तम काढीत आणि पुष्कळशा चित्रांची पार्श्वभूमी त्यांच्याच हातची असे.

त्यानंतर सयाजीरावांनी बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी पुराणकथांवरची चौदा चित्रे मागवली. काम हाती घेण्यापूर्वी दोघे भाऊ उत्तर हिंदुस्थानात भटकून आले. रामायण-महाभारतातल्या माणसांना नेसवायचे काय, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. द्रौपदी कुठल्या प्रांतातली? दमयंतीने कुठले लुगडे नेसावे? सगळ्या देशाला आपली वाटेल अशी वेशभूषा सापडणे कठीण होते. रविवर्मांनी अनेक नायिकांना मराठी पद्धतीचे नऊवारी नेसवले. आज देवीला साडी नेसलेलीच आपण पाहतो आणि ती तशीच असायची असे धरून चालतो. या सवयीच्या मुळाशी एका चित्रकाराने केलेली निवड आहे.

1890 मध्ये ही चित्रे पुरी झाली. बडोद्याला लावण्यापूर्वी ती तिरुवनंतपुरमला आणि मुंबईला लोकांना दाखवण्यात आली आणि पाहायला झुंबड उडाली. राजवाड्याच्या भिंतीसाठी काढलेली चित्रे गिरण्यांत आणि पेढ्यांवर काम करणाऱ्या माणसांनी पाहिली, नमस्कारही केला. आपला खरा प्रेक्षक दरबाराबाहेर आहे, याची जाणीव रविवर्मांना या गर्दीने करून दिली असावी.

दगडावरची किमया

माधवरावांनी 1884 मध्येच रविवर्मांना पत्राने सुचवले होते की, निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्याव्यात. मागणी इतकी वाढली आहे की, दोन हातांनी ती पुरी होणार नाही, असे त्यांचे म्हणणे. दहा वर्षांनी, 1894 मध्ये, रविवर्मांनी त्याच्याही पुढचे पाऊल टाकले. परदेशात छापून आणण्याऐवजी त्यांनी मुंबईतच छापखाना काढला. यंत्रे जर्मनीहून आणली, कारागीरही तिकडूनच आले. पहिल्या चित्रांत शकुंतलेच्या जन्माचे चित्र होते. मेनका बाळाला पुढे करते आहे आणि विश्वामित्र हात आडवा धरून तोंड फिरवत आहेत, हे चित्र पुढे किती घरांत लागले त्याची मोजदाद नाही.

ही छपाई समजून घेण्यासारखी आहे. शिळाछाप म्हणजे दगडावरची छपाई. त्यासाठी बव्हेरियातला विशिष्ट चुनखडीचा गुळगुळीत दगड लागतो. त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचे, मग दगड पाण्याने ओला करायचा. जिथे तेलकट रेघ आहे तिथे पाणी थांबत नाही आणि जिथे पाणी आहे तिथे शाई थांबत नाही. रूळ फिरवला की, शाई फक्त रेघेवर बसते आणि कागद दाबला की चित्र उमटते. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाला वेगळा दगड. म्हणजे लक्ष्मीच्या लुगड्याचा तांबडा एका दगडावर, कमळाचा गुलाबी दुसऱ्यावर, पाण्याचा निळा तिसऱ्यावर. एका चित्राला डझनभर किंवा त्याहून अधिक दगड लागत. एकच कागद तितक्या वेळा यंत्रातून काढायचा आणि दर वेळी तो केसभरही सरकू द्यायचा नाही. सरकला तर देवीचे कुंकू भुवईवर जाते. शेवटी वर चमक देणारे रोगण चढवायचे, म्हणजे कागदाला तैलचित्राची झळाळी येई. अशा चित्रांना ओलिओग्राफ म्हणत.

1896 मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. शहर ओस पडू लागले, कामगार गावाकडे पळाले. दोन्ही भावांचा व्यवहारात हात आखडता नव्हता आणि हिशेबात लक्ष नव्हते. भागीदारीही टिकली नाही. 1899 मध्ये छापखाना मुंबईहून हलवून मळवलीला आणला गेला. हवा कोरडी आणि मोकळी, जागा स्वस्त, पाणी मुबलक, शिवाय मुंबई-पुण्याची आगगाडी दाराशी. घाटातून लोहमार्ग 1863 पासूनच सुरू झालेला असल्याने दगड आणणे आणि छापलेला माल पाठवणे सोयीचे होते. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या डोंगरांत कारागिरांनी दगड कोरून लेणी केली, त्यांच्याच पायथ्याशी दगडावरून कागदावर देव उमटू लागले.

पण कर्ज फिटेना. नव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत रविवर्मांनी छापखाना आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशर यांना, चित्रांच्या हक्कांसह विकून टाकला. ज्या कामासाठी एवढी उठाठेव केली ते काम भरभराटीला आले ते मालक बदलल्यावर. श्लायशर यांनी दुसऱ्या चित्रकारांकडून नवी चित्रे करून घेतली, व्यापारी चिठ्ठ्या आणि जाहिराती छापायला घेतल्या आणि धंदा मार्गी लावला.

रविवर्मांची शेवटची वर्षे दुखण्यात गेली. मधुमेहाने शरीर पोखरले होते. 1905 च्या जानेवारीत राजा वर्मा गेले आणि थोरल्या भावाचा आधारच तुटला. 2 ऑक्टोबर 1906 रोजी त्रावणकोरात रविवर्मांचे निधन झाले. वय अठ्ठावन्न.

पुराणातली वांगी, आजचा बाजार

रविवर्मा गेले त्या वेळी देश तापला होता. 1905 मध्ये लॉर्ड कर्झनने बंगालची फाळणी केली होती, स्वदेशी आणि बहिष्काराची चळवळ गावोगाव पोचली होती. या धामधुमीत छापील चित्राला एक नवे काम मिळाले.

त्याची पूर्वतयारी पुण्यात झालेली होती. निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी 1878 मध्ये चित्रशाळा छापखाना सुरू केला. त्याच वर्षी लॉर्ड लिटनच्या सरकारने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणला होता, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. चित्रशाळेने रामपंचायतन छापले, तसेच सवाई माधवराव आणि नाना फडणवीसही छापले. देवांच्या रांगेत पेशवाईतले मुत्सद्दी जाऊन बसले. पेशवाई बुडून जेमतेम साठ वर्षे झाली होती. ज्यांच्या आजोबांनी ती पाहिली होती त्यांच्या भिंतीवर नाना फडणवीसांची तसबीर लागणे, यात जे सांगायचे ते सांगून होत होते आणि सरकारला आक्षेप घ्यायला एक शब्दही सापडत नव्हता.

मळवलीच्या यादीत देवादिकांबरोबर शिवाजी महाराजही होते. 1890 च्या दशकात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने शिवजयंतीचा उत्सव सुरू झाल्यावर घोड्यावर बसलेल्या महाराजांच्या चित्राला काय अर्थ आला असेल, ते सांगायला नको.

विलायतेत ‘पंच’सारखी साप्ताहिके पंतप्रधानाला गाढवाचे कान लावू शकत. मुंबईत त्याच धर्तीवर ‘हिंदी पंच’ निघत असे आणि त्यातली व्यंगचित्रे गाजतही. पण साम्राज्याच्या मुळाशी हात घालायचा तर उघड थट्टा धोक्याची. राजद्रोहाचे कलम होते, नाटकांवर 1876 चा कायदा होता आणि 1910 च्या प्रेस अॅक्टाने छापखानदाराकडून अनामत घेऊन ती जप्त करण्याची सोय केली. मग आपल्या लोकांनी जुनाच मार्ग धरला. बोलायचे पुराणातले, ऐकणाऱ्याने समजायचे आजचे. कीर्तनकार पूर्वरंग-उत्तररंगात हेच करीत आले होते.

कीचकाचे उदाहरण घ्या. बडोद्याच्या चित्रमालिकेच्या काळात, 1890 च्या सुमारास, रविवर्मांनी कीचक आणि सैरंध्री रंगवले. विराटाच्या घरी दासी म्हणून राहिलेली द्रौपदी आणि तिच्यावर डोळा ठेवणारा सेनापती. रविवर्मांना त्यात करुण रसाचा एक प्रसंग दिसला. सतरा वर्षांनी, 1907 मध्ये, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी त्याच कथेवर ‘कीचकवध’ नाटक रंगभूमीवर आणले. प्रेक्षकांना कुणी काही समजावून सांगावे लागले नाही. कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे भारतमाता, धीर धरा म्हणणारा धर्मराज म्हणजे मवाळ आणि कीचकाला लोळवणारा भीम म्हणजे जहाल, अशी उकल नाट्यगृहातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचली. सरकारला ती कळायला तीन वर्षे लागली. 1910 मध्ये नाटकावर बंदी आली. त्यानंतर घरात टांगलेल्या कीचकाच्या तसबिरीकडे कुणी पूर्वीच्या नजरेने पाहू शकले असेल असे वाटत नाही. चित्र तेच होते, त्याचा अर्थ बदलला होता आणि अर्थाला बंदी घालता येत नाही.

कलकत्त्यालाही हेच घडत होते. तिथल्या छापील कालीच्या गळ्यातली मुंडकी इंग्रज अधिकाऱ्यांना अचानक गोऱ्या माणसांची वाटू लागली. त्या मातेचे चित्र स्वदेशी सिगारेटच्या जाहिरातीवर झळकले, तेव्हा तर त्यांचा संशय पक्का झाला. भक्तांना कालीची जीभ दिसत होती, साहेबाला आपली मान.

याच्या उलट एक गंमतही चालू होती. मँचेस्टरच्या गिरण्या हिंदुस्थानात येणाऱ्या कापडाच्या ताग्यांवर रंगीत चिठ्ठ्या लावीत आणि त्यांवर बहुधा आपल्याच देवदेवता असत, रविवर्मांच्या धर्तीच्या. परदेशी काड्यापेट्यांवरही त्याच लक्ष्म्या आणि मोहिन्या. म्हणजे विलायती कापडाची होळी करायला निघालेल्या माणसाला आधी त्या ताग्यावरची सरस्वती सोडवून घ्यावी लागली असेल. पुष्कळ बायकांनी अशा चिठ्ठ्या जपून ठेवल्या आणि भिंतीवर चिकटवल्या. देव परका नव्हता, कापड परके होते.

रशियातल्या रिकाम्या खिडक्या

हे सगळे वाचताना जगातली दुसरी एक कथा आठवते. रशियात 1917 ची क्रांती झाली आणि पाठोपाठ यादवी युद्ध पेटले. 1919 च्या सप्टेंबरात मॉस्कोमध्ये मिखाईल चेरेम्निख या व्यंगचित्रकाराने सरकारी वृत्तसंस्थेसाठी एक नवा प्रकार सुरू केला. दुकानांत विकायला माल नव्हता, काचेच्या खिडक्या मात्र होत्या. त्या रिकाम्या खिडक्यांत मोठमोठी भित्तिचित्रे लावायची. त्यांत ढेरपोटा भांडवलदार, तलवार परजणारा पांढऱ्या फौजेचा सेनापती, यांची यथेच्छ टवाळी असे. पुढच्याच महिन्यात कवी व्लादिमीर मायकोव्हस्की येऊन मिळाला आणि चित्रांखालच्या यमकांचा बराच मोठा भाग त्याने लिहिला. छपाईची यंत्रे आणि कागद यांची टंचाई, म्हणून पुठ्ठ्यात आकार कापून त्यावरून रंग फिरवायचा आणि हाताने प्रती करायच्या. लढाईची बातमी सकाळी आली तर तिचे चित्र लगेच खिडकीत. 1922 च्या सुरुवातीपर्यंत हे चालले. विरुद्ध बाजूच्या पांढऱ्या फौजाही स्वस्थ नव्हत्या. त्यांच्या भित्तिचित्रांत लाल पुढारी राक्षस होऊन येत.

त्या चित्रांशी मळवलीच्या चित्रांची तुलना केली तर फरक सहज ध्यानात येतो. तिथे शत्रूचे नाव घेऊन हसता येत होते, कारण सत्ता चित्र काढणाऱ्यांच्याच बाजूची होती. इथे सत्ता परक्याची, म्हणून शत्रूला पुराणातले नाव द्यावे लागले. तिथले चित्र दोन दिवसांत शिळे होई. इथले चित्र वर्षानुवर्षे भिंतीवर राही, रोज त्याला उदबत्ती ओवाळली जाई आणि काळ बदलला की ते नवे काहीतरी बोलू लागे. पण निरक्षर माणसाशी चित्राने बोलायचे आणि रस्त्यावर, घरात, जिथे तो असेल तिथे गाठायचे, ही युक्ती दोन्हीकडे एकच. रशियन लोकांनी ती यादवीत वापरली; आपल्याकडे ती त्याआधी पंचवीस वर्षे एका छापखान्याने, राजकारणाचा विचारही मनात नसताना, सिद्ध केलेली होती.

लोणावळ्याचा दुसरा छापखाना

या युक्तीचा पुढचा वारसदारही लोणावळ्यातच तयार झाला. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके पुरातत्त्व खात्यात नोकरीला होते. स्वदेशीच्या वाऱ्यात, 1906 मध्ये, त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि लोणावळ्याला स्वतःचा छापखाना काढला. रविवर्मा प्रेससाठी दगडावर चित्रे उतरवून देणे हे त्यांचे मुख्य काम. पुढे छापखाना मुंबईला दादरला गेला, नवी भागीदारी झाली, 1909 मध्ये फाळके जर्मनीला जाऊन यंत्रसामग्री घेऊन आले आणि मग भागीदारांशी न पटल्याने सगळ्यावर पाणी सोडून बाहेर पडले. 1913 मध्ये त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. त्या चित्रपटातली माणसे उभी राहतात, वळतात, हात जोडतात, त्यांत रविवर्मांच्या तसबिरींची ओळख पटते. दगडावरचे देव आता चालू-बोलू लागले होते. बोलणे अजून पाटीवरच्या अक्षरांतून होई, एवढेच.

आणि पुराणातून राजकारण बोलण्याची खोडही बरोबर आली. 1921 मध्ये मुंबईच्या कोहिनूर कंपनीने ‘भक्त विदुर’ काढला. त्यातला विदुर खादी आणि टोपी घालून आला, दिसायला थेट गांधीजी. मद्रास आणि कराचीत चित्रपटावर बंदी आली. महाभारत कुणाच्या बाजूने बोलते आहे, हे या वेळी सरकारला लवकर कळले होते.

तलवार कुणावर

इथवरची गोष्ट ऐकायला गोड आहे. पण तिची दुसरी बाजूही याच मळवलीच्या छापखान्यातून आलेली आहे आणि ती झाकून ठेवणे बरे नाही.

मालकी बदलल्यानंतरच्या काळात रविवर्मा प्रेसने गोमातेचे एक चित्र छापले. गाईच्या अंगात चौऱ्याऐंशी देवता दाखवलेल्या, खाली सर्व जातीधर्मांची माणसे तिचे दूध पिताना आणि समोरून तलवार उगारून धावत येणारा एक अक्राळविक्राळ प्राणी. चित्रातल्या मजकुराप्रमाणे तो कलियुगातला मांसभक्षक. पण 1893 मध्ये गाईच्या प्रश्नावरून मुंबईपासून उत्तरेपर्यंत दंगली पेटून गेल्या होत्या. अशा वेळी पाहणाऱ्याने त्या राक्षसाला शेजाऱ्याचा चेहरा दिला आणि शेजाऱ्यानेही त्यात स्वतःचा अपमान पाहिला. चित्रावर वाद झाले, सरकारी दप्तरात त्याची नोंद झाली.

कीचकाच्या चित्राने जे साधले तेच इथे उलटे झाले. नाव न घेता बोलण्याची कला सत्ताधाऱ्याविरुद्ध वापरली तेव्हा ती दुबळ्याचे हत्यार होती. तीच शेजाऱ्याविरुद्ध वापरली तेव्हा ती विष झाली. चित्राला स्वतःचा विवेक नसतो. तो काढणाऱ्याकडे, छापणाऱ्याकडे आणि भिंतीवर लावणाऱ्याकडे असावा लागतो. रशियातल्या त्या खिडक्यांचाही शेवट काही वेगळा नाही. ज्या हसण्याने क्रांतीचे शत्रू लोळवले, तेच हसणे पुढे क्रांतीच्या जुन्या साथीदारांवर उलटले. मायकोव्हस्कीने 1930 मध्ये स्वतःच्या हाताने जीवन संपवले.

दार उघडणारी तसबीर

रविवर्मांवर टीका त्यांच्या हयातीनंतर लगेच सुरू झाली. त्यांची चित्रकला विलायती आहे, देवांना त्यांनी नाटकातल्या नटांचे रूप दिले, त्यांत भारतीय आत्मा नाही, असे हॅवेल, आनंद कुमारस्वामी आणि भगिनी निवेदिता यांच्यासारख्या जाणकारांनी म्हटले. बंगालच्या अवनींद्रनाथ ठाकुरांनी 1905 मध्ये काढलेली भारतमाता त्यांना अधिक खरी वाटली. टीकेत तथ्य नव्हते असे नाही. रविवर्मांच्या देवी सगळ्या गोऱ्या, भरल्या घरच्या, उच्चकुलीन बायकांसारख्या दिसतात. आपल्या शेतात राबणाऱ्या सावळ्या बाईचा चेहरा देवीला का नसावा, हा प्रश्न आजही विचारण्यासारखा आहे.

परंतु एक गोष्ट जाणकारांच्या नजरेतून सुटली. रविवर्मा ज्या त्रावणकोरचे, तिथे खालच्या मानल्या गेलेल्या जातींना देवळाच्या रस्त्यावरूनही जायला मज्जाव होता. त्या संस्थानाने सर्व हिंदूंना मंदिरे खुली केली ती 12 नोव्हेंबर 1936 रोजी, रविवर्मांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी. आपल्याकडे नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली 1930 पासून सत्याग्रह करावा लागला. या सगळ्या काळात मळवलीची तसबीर मात्र बाजारात कुणालाही विकत मिळत होती. ती घेणाऱ्याची जात विचारली जात नव्हती. ज्याला गाभाऱ्याच्या दहा हात अलीकडे थांबवले जाई त्याच्या झोपडीत लक्ष्मी, राम आणि विठ्ठल येऊन बसले. हे घडावे म्हणून रविवर्मांनी छापखाना काढला होता असे म्हणण्याचे कारण नाही. पण घडले हे असे.

1930 च्या दशकात कानपूर-लाहोरच्या छापखान्यांतून भगतसिंगांची चित्रे निघाली. हुतात्मा आपले शिर ताटात घेऊन भारतमातेला अर्पण करतो आहे, अशी त्यांची मांडणी. सरकारने ती जप्त केली आणि ती लपूनछपून घराघरांत पोचत राहिली. हुतात्म्याला देवाच्या चौकटीत बसवण्याची ही रीत कुठून आली, हे आता निराळे सांगण्याची गरज नाही.

मळवलीचा छापखाना श्लायशर आणि त्यांच्या वारसदारांच्या हाती पुढे बरीच वर्षे चालला. 1972 मध्ये तिथे आग लागली आणि कारखाना भस्मसात झाला. रविवर्मांच्या कितीतरी मूळ छापील प्रती त्या आगीत गेल्या. घरोघरच्या प्रती मात्र आगीच्या आवाक्याबाहेर होत्या. माळ्यावरच्या ट्रंकेत किंवा गावाकडच्या घरात काळवंडलेल्या चौकटीत एखादी तसबीर अजून निघते. अशी एखादी हाती लागली तर मागचा-पुढचा खालचा कोपरा जरा पुसून पाहावा. रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा अशी बारीक अक्षरे दिसली, तर ती मावळातून निघालेली आहे असे समजावे आणि रद्दीत घालण्यापूर्वी तिने भिंतीवरून काय काय पाहिले असेल, याचा क्षणभर विचार करावा.